फाईल-व्यवस्थेतील वाटप-एकक व डिस्कवरील जागेचा अपव्यय : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाच्या हार्ड डिस्कवर फाईलला जागा बाइटच्या हिशोबाने नव्हे, तर ठरावीक आकाराच्या एककांत दिली जाते. या एककास ब्लॉक किंवा क्लस्टर म्हणतात. शेवटचे एकक पूर्ण भरले नाही, तरी त्यातील उरलेली जागा सामान्यतः दुसऱ्या फाईलला मिळत नाही. अशा रीतीने दर फाईलमागे सरासरी अर्धे एकक वाया जाते; फायली फार लहान असल्यास त्याहूनही अधिक. एकक लहान ठेवल्यास अपव्यय घटतो, परंतु नोंदी वाढतात व वाचन-लेखन मंदावते.

बर्कले येथील उपाय :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे मार्शल मॅकक्यूसिक, विल्यम जॉय, सॅम्युअल लेफलर व रॉबर्ट फॅब्री यांनी युनिक्ससाठी नवी फाईल-व्यवस्था रचली. तिच्यावरील शोधनिबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मोजणीनुसार ७७५.२ मेगाबाइट माहितीसाठी ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये ६.९ टक्के, तर ४,०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये ४५.६ टक्के जादा जागा लागत होती. मात्र मोठ्या ब्लॉकमुळे वेग वाढत होता. म्हणून ब्लॉक मोठाच ठेवून, फाईलच्या शेवटच्या भागापुरते त्याचे तुकडे करण्याची सोय करण्यात आली. वेग साधला आणि जागाही वाचली.

वैयक्तिक संगणकावरील स्थिती :
याच १९८४ साली पीसी-डॉस ३.० सोबत १६ बिटांची फॅट सारणी आली. १६ बिटांत ६५,५३६ पेक्षा अधिक क्रमांक मावत नाहीत. साहजिकच डिस्कची क्षमता वाढताच क्लस्टर मोठा करणे भाग पडले. १ ते २ गिगाबाइटच्या विभागावर तो ३२ किलोबाइटचा झाला. तेथे दहा हजार फायली असल्यास, वरील सरासरीने, सुमारे १५६ मेगाबाइट जागा वाया जाई. डिस्कचे लहान विभाग पाडणे हाच वापरकर्त्याच्या हाती असलेला सोपा उपाय होता. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट-३२ आली. तिच्यात ८ गिगाबाइटपर्यंतच्या विभागासाठी क्लस्टर ४ किलोबाइटचा राहिला आणि तेवढ्याच फायलींमागील अपव्यय सुमारे २० मेगाबाइटवर आला.

निष्कर्ष :
वैयक्तिक संगणकावरील हा अपव्यय अज्ञानातून उद्भवलेला नव्हता. उपाय ज्ञात होता; परंतु जुन्या डिस्क व जुने प्रोग्राम चालू राहावेत, या गरजेपोटी जुनी सारणी टिकून राहिली. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ नव्या शोधांचा नसतो. पूर्वी घेतलेल्या निर्णयांची किंमत पुढील काळाने कशी चुकती केली, याचाही तो असतो.