चूलबंद आवतण

पुतणीचं लग्न ठरलंय, म्हणून माळ्यावरून बाबांची आवतणाची वही काढली. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला अशी रेल्वेच्या रुळांबरोबर सरकत जाणारी नावं. काही नावांपुढे बाबांनी लिहून ठेवलंय, "स्वतः जाणे". बाकीच्यांपुढे नुसतंच "पोस्ट". या दोन शब्दांमध्ये आमच्या घराण्यातले निम्मे रुसवेफुगवे मावतात :)

तसा हा प्रश्न वऱ्हाडात फार जुना. रुक्मिणी आमचीच, वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची. भागवतात तिच्या लग्नाचं सगळं जाहीर झालेलं होतं, राजे जमत होते. तिने मात्र सात श्लोकांचा एकच निरोप, एकाच माणसासाठी, विश्वासू ब्राह्मणाच्या हाती थेट द्वारकेला पाठवला. सर्वांसाठीचं आमंत्रण आणि एकासाठीचं पत्र एकाच लग्नात. (आणि फळलं कोणतं, ते अंबादेवीला जाणाऱ्या कुणालाही विचारा.)

आजोबांच्या काळी अक्षत घेऊन माणूस दारोदार जायचा. पहिली अक्षत देवाला, मग भाऊबंदांना. कोणाला "एकाने यावे" आणि कोणाला चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळं घर जेवायला, हे तोंडीच सांगितलं जाई. प्रत्येक दाराचा निरोप वेगळा. पण एक माणूस दिवसात जाऊन जाऊन किती दारं जाणार? त्यात परगाव असेल तर बैलगाडी, आणि अचलपूरकडचं असेल तर मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेची वाट पाहणं.

पोस्टाने ही अडचण सोडवली. १८७९ साली पाव आण्याचं कार्ड निघालं आणि निरोप स्वस्त झाला. पुढे छापील पत्रिका आल्या. बुक पोस्टाने टाकल्या की आणखी स्वस्त, फक्त पाकीट उघडं ठेवायचं आणि आत खाजगी मजकूर लिहायचा नाही. जिव्हाळ्याच्या चार ओळी लिहिल्या की पत्राचा दर! शुभेच्छांच्या तारांना तर ठरावीक वाक्यांचे क्रमांकच होते. क्रमांक सांगितला की काम झालं, मग ती तार कोणालाही जावो. (२०१३ साली तारच बंद झाली.) कार्डाच्या बाबतीत मात्र पोस्टाने पुढे उलटा न्याय केला. हाताने लिहिलेलं पन्नास पैसे आणि छापील सहा रुपये. हा दर ज्याने ठरवला त्याला एकदा भेटायला आवडलं असतं.

असो. आमच्या अकोल्याच्या एका आत्याने उघड्या पाकिटातली पत्रिका आली म्हणून बारा वर्षं बोलणं टाकलं होतं. बाबांचं म्हणणं, तीनशे घरी मी कुठून जाऊ? दोघांचंही खरं होतं. वहीत तिच्या नावापुढचं "पोस्ट" खोडून नंतर "स्वतः जाणे" केलेलं आहे, वेगळ्या शाईत.

२०११ साली बहिणीच्या लग्नात मी शहाणपणा केला. सगळी वही कॉम्प्युटरवर घातली. प्रत्येक पाकिटावर नाव, आत प्रत्येकाच्या नावाने दोन ओळी, "आपण सहकुटुंब..." वगैरे. तीनशे पाकिटं, तीनशे वेगळी पत्रं, तीही एका संध्याकाळी! एकही पाकीट उघडं नाही. वाटलं, बाबांना जन्मभर जमलं नाही ते आपण केलं.

वही जुनी होती. अमरावतीचे काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. "सर्व आप्तेष्टांस" असं छापलं असतं तर कोणालाच काही टोचलं नसतं. नाव घातलं, म्हणूनच चुकलं.

लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो. पाकीट देवापाशी ठेवलेलं होतं, न फोडता. मी चाचरत माफी मागायला लागलो. काकू म्हणाली, "ज्याईचं नाव हाये त्याईनं फोडाव ना, बाबू. मी कशाले फोडू?" मग चहा ठेवला.

आता वही पुन्हा समोर आहे. काकांच्या नावावर रेघ मारून तिथे काकूचं नाव लिहिलंय, पुढे "स्वतः जाणे". अजून दोनशे ऐंशी नावं तपासायची आहेत. कोणाचा पत्ता बदलला असेल किंवा घरात कोणी गेलं असेल, तर इथेच कळवा, नाहीतर फोन करा.