एकच साउंड कार्ड, चार प्रोग्राम : आवाज बंद पडला तर आधी काय बघायचं?

शाळेतला, ग्रामपंचायतीतला किंवा सेवा केंद्रातला कॉम्प्युटर. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असतो, तेवढ्यात ऑनलाइन मीटिंग लागते आणि मीटिंगचा आवाजच येत नाही. मग साउंड कार्ड गेलं असं समजून नवीन आणलं जातं. पुष्कळदा कार्ड चांगलंच असतं. घोळ असतो तो आवाजाच्या वाटणीत.

वाटणी कशी होते?

कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे आकडे. एका सेकंदाला साधारण 44,100 किंवा 48,000 आकडे साउंड कार्डाकडे जातात आणि कार्ड त्यांचा स्पीकरसाठी आवाज करतं. साध्या कार्डाला एका वेळी आकड्यांची एकच धार घेता येते. प्रोग्राम चार असले तर त्यांच्या चार धारा आधी एकत्र कराव्या लागतात. या कामाला मिक्सिंग म्हणतात, आणि ती मुळात साधी बेरीजच असते.

चार ओढ्यांचं पाणी एका पाटात सोडावं तसं हे. पाटाच्या मापापेक्षा पाणी जास्त झालं की ते बाहेर सांडतं. इथंही तसंच आहे. 16 बिटच्या आवाजात सगळ्यात मोठा आकडा 32,767. बेरीज त्याच्या वर गेली की वरचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून सगळ्याच प्रोग्रामचा आवाज फुल्ल ठेवू नये.

एक धार 44,100 ची आणि दुसरी 48,000 ची असली, तर बेरजेआधी दोन्ही एका मापात आणाव्या लागतात. तेही काम मिक्सरच करतो.

पूर्वी पाळी होती

लिनक्सवर पूर्वीच्या ओएसएस पद्धतीत, साध्या कार्डावर एका प्रोग्रामने ताबा घेतला की दुसऱ्याला 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर मिळायचं. पहिला बंद होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. पुढं अल्सा आलं. त्यातल्या 'डीमिक्स' या भागानं बेरजेची सोय केली. 2004 मध्ये पल्सऑडिओचं काम सुरू झालं आणि प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. 2021 मध्ये फेडोरा 34 ने त्या जागी पाइपवायर घेतलं. विंडोजमध्ये प्रोग्रामनिहाय आवाजाची सोय व्हिस्टापासून आहे.

मोबाईलचा रिवाज वेगळा. अँड्रॉइडवर एका ॲपमध्ये गाणं लावलं की दुसऱ्यातलं बहुतेक वेळा आपोआप थांबतं. कॉम्प्युटर मात्र दोन्ही एकदम वाजवतो.

खर्च करण्याआधी हे बघा

1. विंडोजमध्ये खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. एखादाच प्रोग्राम म्यूट झालेला असू शकतो.

2. आवाज कुठं जातोय ते बघा. एचडीएमआय केबल लावलेली असेल, तर आवाज मॉनिटरकडं वळलेला असतो आणि स्पीकर गप्प राहतो. आउटपुटमध्ये स्पीकर निवडा.

3. कंट्रोल पॅनलमधल्या 'साउंड'मध्ये स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'ॲडव्हान्स्ड' उघडा. तिथं 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची खूण असते. ती असली की एखादा प्रोग्राम कार्ड एकट्यासाठी अडवू शकतो. खूण काढा.

4. लिनक्सवर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा प्रोग्राम टाका. 'प्लेबॅक'मध्ये कोणता प्रोग्राम वाजतोय आणि त्याचा आवाज किती, ते दिसतं. पाइपवायर असलं तरी तो चालतो.

5. तरीही आवाज नाही? सगळे प्रोग्राम बंद करून कॉम्प्युटर पुन्हा चालू करा आणि एकच प्रोग्राम लावून बघा. एकटा वाजला तर कार्ड शाबूत आहे. नाही वाजला, तर तोच स्पीकर मोबाईलला लावून बघा. मोबाईलवर वाजला तर स्पीकर चांगला आहे, मग दुरुस्तीवाल्याकडं फक्त कॉम्प्युटर न्यावा.