नकाशावरची पावती

घरच्या मंडळींना माहीतच आहे, देवळात गेलो की माझी नजर आधी वरच्या पंख्याकडे जाते. पात्यापात्यावर 'अमक्यांच्या स्मरणार्थ'. पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं होतं, वारा तेवढा लागतो. मला हे फार आवडतं! परवा उत्तर ध्रुवाच्या मोहिमांवर वाचत बसलो होतो, तर हा पंखा सारखा आठवत राहिला.

रॉबर्ट पीअरी हा अमेरिकन नौदलातला इंजिनिअर. ध्रुव गाठायचं वेड डोक्यात, पण खिसा रिकामा. मग १८९८-९९च्या सुमारास न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी त्याच्यासाठी 'पीअरी आर्क्टिक क्लब' काढला. मॉरिस जेसप हे अध्यक्ष. क्लबने पैसे उभे केले, मदतीला जहाजं धाडली, आणि १९०५ साली बर्फ फोडत जाणारं 'रूझवेल्ट' हे खास जहाज पाण्यात उतरवलं. हा क्लब नसता तर पीअरी तितक्या उत्तरेला पोचलाच नसता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आता एवढ्या उपकारांची पावती द्यायची कशी? पीअरीने ती नकाशावर फाडली. १९०० साली ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला तो पोचला, त्याला नाव दिलं केप मॉरिस जेसप. ते टोक तिथेच आहे, नावही आहे.

दुसरी पावती मात्र निराळी निघाली. जॉर्ज क्रॉकर या बँकरने १९०५च्या मोहिमेला पन्नास हजार डॉलर दिले होते. १९०६च्या जूनमध्ये पीअरी एका टोकावर उभा होता. त्या टोकालाही क्लबच्याच थॉमस हबर्डचं नाव मिळालं. तिथून त्याला म्हणे दूर वायव्येला बर्फाच्छादित शिखरं दिसली. पुढच्या वर्षीच्या त्याच्या पुस्तकात त्या प्रदेशाला नाव मिळालं, 'क्रॉकर लँड'. गंमत म्हणजे त्या दिवसांच्या त्याच्या डायरीत ही जमीन नाहीच.

क्रॉकर १९०९ साली वारला. पण नाव नकाशावर चढलं होतं, तेव्हा कुणीतरी जाऊन बघणं आलंच. १९१३ साली डोनाल्ड मॅकमिलनची मोहीम निघाली, पुन्हा संस्थांच्या आणि देणग्यांच्या बळावर. एप्रिल १९१४ मध्ये मॅकमिलन, नौदलातला तरुण अधिकारी फिट्झह्यू ग्रीन आणि पिउगात्तोक व इत्तुकुसुक हे दोन इनुइट गोठलेल्या समुद्रावरून निघाले. एके सकाळी समोर खरोखरच डोंगर, दऱ्या, शिखरं! पिउगात्तोक म्हणाला, हे धुकं आहे. मॅकमिलनने ऐकलं नाही. कित्येक दिवस ते तसेच पुढे गेले. सूर्य फिरला तशी जमीनही फिरली, आणि शेवटी विरून गेली. खाली थंड हवा, वर थोडी उबदार, त्यात वाकलेला प्रकाश. मृगजळ वाळवंटातच असतं असं आपण उगाच समजतो.

इथवर हसू येतं. पुढे येत नाही. परतताना मॅकमिलनने ग्रीन आणि पिउगात्तोक यांना वेगळ्या वाटेने पाहणीला पाठवलं. वादळात कुत्री गेली, दोघांत वितुष्ट आलं आणि ग्रीनने पिउगात्तोकला गोळी घातली. तो परतला तेव्हा त्याने मॅकमिलनला सगळं सांगितलं. इनुइट लोकांना मात्र तो अपघातात गेला असं कळवण्यात आलं. ग्रीनवर खटला कधीच झाला नाही.

वर्गणीला माझा विरोध नाही. गावातली कितीतरी चांगली कामं वर्गणीवरच उभी राहतात. पण पंख्यावर नाव घालायचं तर आधी पंखा असावा लागतो. नसलेल्या जमिनीला दात्याचं नाव दिलं, आणि तिची किंमत चुकवली ती देणगीदारांच्या यादीत कुठेच नसलेल्या माणसाने. त्याने तर समोरचं धुकं सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

असो. पुढच्या वेळी देवळात गेलो की पंख्याकडे बघताना पिउगात्तोकही आठवेल.