लोखंडी जहाजावरून लोह मोजताना

अलास्काच्या आखातात उन्हाळ्यात ऊन असतं, नायट्रेटही उरतं. तरी वनस्पतिप्लवक फारसे वाढत नाहीत. लोह कमी पडतं, ही शंका १९३० च्या दशकापासूनची. पण मोजणार कसं? जहाज लोखंडाचं, तारा लोखंडाच्या. नमुन्यात समुद्रापेक्षा जहाजाचंच लोह जास्त यायचं! कॅलिफोर्नियातल्या जॉन मार्टिन यांनी आधी ही भेसळ थांबवली. (ब्लँक तपासायचा कंटाळा येणाऱ्यांनी, म्हणजे मीसुद्धा, इथे जरा थांबावं.) मग बाटलीतल्या पाण्यात किंचित लोह घातलं, तर क्लोरोफिल वाढलं. हे १९८८ मध्ये छापून आलं. बाटली म्हणजे समुद्र नव्हे, हा आक्षेप मला रास्तच वाटतो. म्हणून ऑक्टोबर १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ खुल्या समुद्रात लोह सोडलं. मार्टिन जूनमध्येच गेले होते. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात डायटम फोफावले. बारीक पेशीही वाढल्या, पण त्यांना सूक्ष्म प्राण्यांनी खाऊन आवरलं.