रायफलीच्या तोंडावरील आटे

'रायफल' हे नाव नळीच्या आतील पिळदार चऱ्यांवरून पडले. नळीच्या तोंडावर बाहेरून पाडलेल्या आट्यांचा त्या नावाशी संबंध नाही. ते पुष्कळ मागाहून आले. वाशीम जिल्ह्यातील अनसिंगच्या पंपदुरुस्ती करणाऱ्या कारागिरास आटे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण पाण्याच्या पाइपास आटे असतात ते पुढे दुसरा पाइप जोडण्यासाठी. बंदुकीच्या नळीस पुढे काय जोडावयाचे?

चित्रपटांमुळे 'आवाज दाबणारे नळकांडे' हे उत्तर रूढ झाले आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली अशा साधनाचे पेटंट घेतले हे खरे. परंतु सामान्य शिपायाच्या शस्त्रावरील आट्यांचा उलगडा त्याने होत नाही.

हिंदी सैन्याने दोन्ही महायुद्धांत वापरलेली आणि महाराष्ट्र पोलिसांच्या हाती २००८ सालीही असलेली थ्री-नॉट-थ्री पाहावी. तिच्या नळीचे तोंड गुळगुळीत आहे. संगीन पुढील टोपणास अडकते, आणि प्रत्येक बारानंतर खटका शिपाईच हाताने ओढतो. साहजिकच सरावासाठी बिनगोळीचे काडतूस उडविताना तिला कसलीही जोड लागत नाही.

स्वयंचलित रायफलीत हे चालेना. तेथे पुढचे काडतूस भरण्याचे काम बाराचा वायूच करतो. गोळी नसली की वायू तोंडातून मोकळा निसटतो व यंत्रणा अडून बसते. म्हणून तोंडावर बारीक छिद्राची जोड बसवून दाब टिकवावा लागतो. मूळ ए. के. ४७ च्या तोंडावर एरवी आटे झाकणारी साधी चकती होती. हे आटे अशा जोडीसाठीच होते. झटका आवरणारे तिरपे तोंड १९५९ च्या सुधारित रायफलीबरोबर आले. एका गरजेसाठी पाडलेले आटे दुसरीच्या उपयोगी पडले ते असे.

आटेच का, याचे कारण अचूकतेत आहे. जोड किंचित वाकडी बसली तरी गोळी तिच्या कडेस घासते. नळीच्या अक्षाशी जुळवून कातलेले आटे हा धोका टाळतात.

१९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्यात रूढ झालेल्या ७.६२ मि.मी. रायफलीवर ज्वाळा लपविणारी जोड आट्यांवरच बसते. रात्री ज्वाळा दिसली की शत्रूस शिपायाचा ठाव लागतो. पुढे पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेने रचलेली 'इन्सास' १९९९ साली कारगिलमध्ये वापरली गेली. तिच्या तोंडावरील अशाच जोडीचा बाहेरील व्यास २२ मि.मी. आहे, रायफलीने फेकावयाचा बाँब त्याच जोडीवर चढविता येतो.