अंधारातली नजर

आमच्या भिवंडीत एकदा रात्री वीज गेली, माग थांबले. गल्लीतल्या एका पोराने मला एअर रायफल दाखवली. तिच्यावर छोटा कॅमेरा, लहानसा दिवा आणि चिमुकला पडदा. दिव्याचा उजेड दिसत नव्हता, पडद्यावर मात्र समोरची भिंत स्पष्ट!

ही विद्या जुनीच. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी इंद्रधनुषी पट्ट्यातल्या लाल रंगापलीकडे तापमापी ठेवला आणि पारा चढला. तेच अवरक्त किरण. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच जोरावर जर्मनांनी रात्री नेम धरणारी बंदूक केली. आज ते आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत. बटण दाबून रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा. पुष्कळ मोबाइलवर जांभळट ठिपका दिसेल. कॅमेऱ्यातली अवरक्त किरण अडवणारी काच काढली, की हा ठिपका दिव्यासारखा लख्ख दिसतो.

“चाचा, आता चिंचेवरचं घुबड टिपतो,” पोरगा म्हणाला.

मला सलीम अली आठवले. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा होता. ही कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभराचे पक्ष्यांचे झाले.

घुबड मारणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मी पोराला सांगितलेच; सलीम अलींची गोष्टही सांगितली. त्याने कॅमेरा सोडवून हातात घेतला. चिंचेखाली आम्ही बराच वेळ उभे होतो. पडद्यावर घुबडाने मान वळवली. बंदूक घरीच होती.