काळी सायकल, लूना आणि बॅटरीची ‘माउंटन बाइक’ : खडकीच्या रस्त्यावरून कमी पैशांत चढ चढण्याचा इतिहास

१/१५
खडकी या नावातच खडक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईने हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत नेले. पण याच गावाच्या रस्त्यांनी आणखी एक इतिहास पाहिला आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही : कामगाराच्या काळ्या सायकलीचा. आज त्याच रस्त्यांवरून बॅटरीवर चालणारी ‘माउंटन बाइक’ धावते. मोजक्या पैशांत ती निवडावी कशी, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे त्या जुन्या इतिहासात दडलेली आहेत.

२/१५
१८६९ मध्ये खडकीत दारूगोळा कारखाना सुरू झाला. १९४० मध्ये उच्च स्फोटकांचा कारखाना आला. पुढे मुळेपलीकडे दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी असा उद्योगांचा पट्टा विस्तारला. भोंग्याची वेळ गाठायची, बसचे भाडे वाचवायचे आणि रात्रपाळीनंतर घरी परतायचे, या तिन्ही गरजा एकाच वाहनाने भागवल्या. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत, ते याच काळात.

३/१५
ती सायकल कशी होती? २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, झाकलेली चेन, एकच वेग आणि सुमारे २० किलो वजन. आधी रॅले, बीएसए ही विलायती नावे होती. मग मद्रासची टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हिरो (१९५६) या देशी कंपन्या आल्या. तिचे सर्वांत मोठे बळ साधेपणात होते. तिचा कोणताही भाग कोणत्याही दुकानात मिळे आणि नाक्यावरचा पंक्चरवाला तो बसवून देई. म्हणूनच एकेक सायकल बापाकडून मुलाकडे जात असे.

४/१५
ज्याला विकत घेणे परवडत नसे, तो तासाच्या हिशेबाने भाड्याने घेई. दुकानदार वहीत वेळ टिपून ठेवी. रस्त्यावर पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट बसल्यास पोलिसाची धास्ती असे. मुले सायकल शिकत ती बहुधा अशाच भाड्याच्या सायकलीवर. घेण्याआधी चालवून पाहण्याची ही शहाणी रीत ध्यानात ठेवावी. शेवटी ती पुन्हा उपयोगी पडेल.

५/१५
या सायकलीची मर्यादा एकच होती : चढ. मुळेकाठी रस्ता सपाट, पण पुण्याभोवती टेकड्यांचे कडे आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळे. म्हणजे चढ हा पैलवानी स्वारांचा प्रांत होता. सामान्य माणूस चढ आला की उतरे आणि सायकल ढकलत नेई. त्याला चढ चढवून देण्याची दोन उत्तरे गेल्या शतकात पुढे आली. एक इंजिनाचे, दुसरे गिअरचे.

६/१५
इंजिनाचे उत्तर पुण्याच्या उद्योगातून आले. १९७२ मध्ये फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ बाजारात आणली. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर ती बेतलेली होती. ५० सीसीचे इंजिन आणि सोबत चक्क सायकलीची पॅडल. पॅडल मारून ती सुरू होई. चढावर इंजिन दमले तर स्वार पायांनी हातभार लावी. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागण्याच्या त्या काळात मध्यमवर्गाला परवडणारे हे यंत्र होते. यंत्र आणि पाय यांची भागीदारी मराठी घरांना तेव्हापासून परिचित आहे.

७/१५
गिअरचे उत्तर दूर अमेरिकेत सापडले, आणि तेही स्वस्तातल्या वस्तूंमधून. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातल्या तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली मिळवून डोंगरवाटांवर उतरवल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे ‘रीपॅक’ ही शर्यत प्रथम झाली. सुमारे ३ किलोमीटरच्या मातीच्या वाटेवर जवळपास ४०० मीटरचा उतार होता. मागे पॅडल दाबून लागणारा ब्रेक या उतारावर इतका तापे की त्यातले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर ग्रीस पुन्हा भरावे लागे. ‘रीपॅक’ हे नाव त्यावरून पडले.

८/१५
या हकिगतीत निवडीचा पहिला धडा आहे. त्या तरुणांनी जुन्या सांगाड्यावर आधी काय बदलले? रंग नव्हे, खोगीरही नव्हे. त्यांनी दमदार ब्रेक बसवले आणि चढासाठी अनेक गिअर जोडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी डोंगरवाटांसाठी खास सांगाडा तयार केला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली. ‘माउंटन’ हा शब्द त्या सायकलीने ब्रेक आणि गिअर यांच्या बळावर कमावला आहे. आज पंचवीस ते पन्नास हजार रुपयांच्या टप्प्यात तोच शब्द कित्येकदा नुसत्या जाड टायरवर चिकटवलेला दिसतो.

९/१५
विजेची सायकल मात्र या दोन्हींपेक्षा जुनी आहे. अमेरिकेच्या ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. अडचण होती ती जड बॅटरीची. जवळपास शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, जपानच्या यामाहाने ‘पास’ ही सायकल आणली. पाय पॅडलवर किती जोर लावतात हे मोजून मोटर तेवढी साथ देई. लूनाची भागीदारी इथे अधिक समंजस झाली.

१०/१५
भारतात कायद्याने एक रेषा आखली आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि चाचणी संस्थेची तशी मान्यता असेल, तर त्या वाहनाला नोंदणी वा परवाना लागत नाही. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच आहे. ‘लपलेला जादा वेग’ देऊ करणारी सायकल ही रेषा ओलांडते. मग ती कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणीची मोटार ठरते.

११/१५
आता थोडे गणित. स्वार ८० किलो आणि सायकल २५ किलो, एकूण १०५ किलो. शंभर मीटरला ८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर २५० वॉटची मोटर एकटीने हे वजन ताशी सुमारे १० किलोमीटर वेगानेच नेऊ शकते. पायांनी १०० वॉटची भर घातली तर वेग १४ च्या आसपास जातो. शिवाय स्वस्त सायकलींत मोटर बहुधा मागच्या चाकात असते. तिला सायकलीच्या गिअरचा लाभ मिळत नाही आणि संथ चढावर ती तापते. म्हणून नुसत्या थ्रॉटलवर भिस्त ठेवू नये. पायांना उपयोगी पडतील असे हलके गिअर हवेतच.

१२/१५
बॅटरीचे गणित त्याहून मोलाचे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. समजा, खडकीहून वेताळ टेकडीकडे जाऊन-येऊन २० किलोमीटरची रपेट आहे आणि त्यात २५० मीटरचा चढ आहे. पाय बेताने मारले तर सपाटीला किलोमीटरमागे सुमारे ८ प्रमाणे १६०, आणि चढाला मोटरची घट धरून सुमारे ९५. एकूण २५५ वॉट-तास. २७५ ची नवी बॅटरी यात जेमतेम पुरते. काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, तेव्हा ती २२० उरते आणि स्वार अध्या वाटेत अडकतो. ३६० ची बॅटरी मात्र तेव्हाही २८८ देते.

१३/१५
तेव्हा पैसे कुठे घालावेत? क्रम असा : दोन्ही चाकांना चांगले डिस्क ब्रेक, आपल्या रपेटीला पुरून उरणारी, काढता येणारी बॅटरी, चढाला हलके गिअर, आपल्या उंचीला बसणारा सांगाडा. कात्री कुठे लावावी? रंगीत पडदा, मोबाइल ॲप, अतिजाड टायर आणि स्वस्त स्प्रिंगचा पुढचा फोर्क. असा फोर्क वजन वाढवतो आणि खड्डा फारसा गिळत नाही. सुटीच्या दिवशीच्या मातीच्या वाटांना साधा फोर्क व मध्यम रुंद टायर पुरतात. एवढेही बजेटात बसत नसेल, तर दुबळ्या मोटरच्या सायकलीपेक्षा गिअरची चांगली साधी सायकल बरी.

१४/१५
खरेदीपूर्वी काळ्या सायकलीच्या काळातले दोन प्रश्न विचारावेत. पहिला : बिघडली तर दुरुस्त कोण करणार? पंक्चर नाक्यावर निघेल, पण कंट्रोलर आणि बॅटरी कंपनीकडूनच यायची. नव्या बॅटरीची किंमत, वॉरंटीची वर्षे आणि शहरातील दुरुस्ती केंद्र ही माहिती लेखी घ्यावी. बॅटरीचा खर्च मूळ किमतीत आजच मिळवून पाहावा. दुसरा : चालवून पाहिली का? दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावरची फेरी पुरेशी नाही. तासाच्या भाड्याने किंवा मित्राची मागून घेऊन ती एका खऱ्या चढावर न्यावी, आणि उतारावर ब्रेक दाबून पाहावा.

१५/१५
कामगाराने सपाट रस्ता पाहून काळी सायकल घेतली. मध्यमवर्गाने रोजची ये-जा पाहून लूना घेतली. मरिनच्या तरुणांनी उतार पाहून ब्रेक बदलले. तिघांकडेही पैसा बेताचाच होता आणि तिघांनीही आधी वाट पाहिली, मग यंत्र. आजच्या तरुणाचे पहिले दोन-तीन पगार या खरेदीत जातात. दर रविवारी आपण नेमके कुठे जाणार, हे एका कागदावर लिहून मग दुकानात शिरले, तर ते पगार टेकडीच्या माथ्यावर पोहोचतील. एरवी जिन्याखाली धूळ खात पडतील.